फुटाला एक इंच

ज्वारीच्या धांड्याची बंडी तुम्ही लहानपणी केली असेलच. खळे उरकले की वाळलेला धांडा घ्यायचा, वरचे टणक सालटे सोलून वेगळे काढायचे आणि आतला पांढरा, हलका गाभा बोटाबोटाएवढा तोडायचा. गाभ्याच्या तुकड्यांत सालट्याच्या काड्या टोचत गेले की साटा तयार, दांडी तयार, जूही तयार. बैल नाल्यातल्या काळ्या मातीचे. खिळा नाही, सरस नाही, पैसा तर नाहीच. त्या बंडीत काडीकचरा भरून आपण बाजाराला गेलो, कापूस विकून परत आलो आणि संध्याकाळी ती बंडी गाईने खाऊन टाकली.

मी ज्या छंदाबद्दल लिहायला बसलो आहे तो या धांड्याच्या बंडीचाच थोरला भाऊ. खऱ्या गाडीची मापे घ्यायची आणि तिची हुबेहूब लहान गाडी करायची. नाहीतर कुणाची जुनी, मोडकी लहान गाडी दुरुस्त करून पुन्हा चाकांवर उभी करायची. मोटार असो, ट्रॅक्टर असो, एसटी असो की बंडी असो. नागपुरात मी रविवारी आणि रात्री जेवणानंतर हेच करीत बसतो. घरचे हसतात. "पोट्ट्यांचे खेळ या वयात कायले?" असे पाहुणेही विचारून जातात. हसू द्यावे. पत्ते कुटण्यापेक्षा हे बरे.

खेळण्यातली गाडी आणि ही लहान गाडी यांत फरक आहे तो प्रमाणाचा. खेळण्यात चाके नुसती गोल असली की भागते. इथे मात्र सगळे एकाच मापाने लहान व्हावे लागते. बंडीसाठी मी फुटाला एक इंच धरतो, म्हणजे गाडी खऱ्याच्या बाराव्या हिश्श्याची होते. साडेचार फुटांचे चाक साडेचार इंचांचे. हिशेब तोंडी होतो, म्हणून हे माप मला आवडते. मोटारींचे सर्वांत चालू प्रमाण मात्र एकास त्रेचाळीस असे विचित्र आहे. हा त्रेचाळीस कुठून आला असे तुम्ही विचाराल. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला मेकॅनो नावाची कंपनी होती. ती मुलांसाठी लहान आगगाड्या करी आणि त्यांचे माप फुटाला सात मिलिमीटर असे. आगगाडीच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला त्याच मापाच्या मोटारी हव्यात म्हणून १९३३ साली त्यांनी त्या काढल्या आणि पुढल्या वर्षी त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळाले. फुटाचे मिलिमीटर करून साताने भागा, साडेत्रेचाळीस येतात. आगगाड्या मागे पडल्या, पण मोटारी अजून त्याच मापात निघतात.

दुसरी गोष्ट त्याहून गोड आहे. लंडनच्या लेस्नी कंपनीत जॅक ओडेल नावाचा कारागीर भागीदार होता. त्याच्या मुलीच्या शाळेत नियम होता की काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायचे. बापाने रस्त्यावरचा रोलर काडेपेटीत मावेल एवढा लहान करून दिला. वर्गातल्या सगळ्या मुलांना तसलाच हवा झाला. त्यातून १९५३ साली मॅचबॉक्स मोटारी बाजारात आल्या आणि जगभर गेल्या. लेकीच्या हट्टापायी बाप काय काय करतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. १९६०च्या दशकाच्या शेवटी मेकॅनोचे जुने साचे कलकत्त्याला आले आणि तिथे त्याच मोटारी निकी टॉइज या नावाने ओतल्या जाऊ लागल्या. गाडी उलटी करून तळ पाहिला तर डिंकी हे नाव खोडून तिथे निकी घातलेले दिसते. आज परदेशातले शौकीन या निकी मोटारी शोधत असतात. आपल्याकडे त्या पोरांनी खेळून, आपटून, विहिरीत टाकून संपवल्या. तेही ठीकच म्हणायचे, केल्या होत्या त्या खेळायलाच.

पण नागपूरच्या माणसाने या छंदासाठी लिव्हरपूलकडे पाहण्याची गरज नाही. तान्हा पोळा आपल्या घरचा आहे. पिठोरी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा, आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, लहान मुलांचा. राजे दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ साली हा सुरू केला असे नागपुरात सांगतात. मुलांनाही बैलाचे मोल कळावे हा हेतू. त्या दिवशी एकीकडे काळी आणि पिवळी मारबत रस्त्यावर निघते आणि दुसरीकडे पोरेपोरी नटूनथटून लाकडी बैल ओढत तोरणाखाली जमतात. मग घरोघर जाऊन बोजारा गोळा करायचा. वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेला तर माणसाहून उंच नंदी मिरवतात.

आता हा लाकडी बैल नीट पाहा. चार पाय फळीवर ठोकलेले, फळीला चार चाके, पुढे दोरी. म्हणजे प्रमाणात लहान केलेला प्राणी आणि खाली गाडीचा सांगाडा. वशिंड, पोळी, शिंगांचा बाक, सगळे पाहून कोरलेले. चांगल्या कारागिराच्या हातचा बैल पाहिला की शेतकरी लगेच म्हणतो, हा गौळाऊ दिसतो. दोनशे वर्षे एखादे शहर दरवर्षी प्रतिकृती करते, विकत घेते, सजवते आणि मिरवते. असा छंद जगात फार ठिकाणी नसावा.

पोळ्याच्या आधी पंधरा दिवस माझ्याकडे मोडके बैल येऊ लागतात. नव्वद टक्के तक्रार एकच, पाय मोडला. कारण सोपे आहे आणि तुम्हाला चटकन पटेल. बैल एका ओंडक्यातून कोरताना लाकडाच्या रेषा डोक्यापासून शेपटीकडे आडव्या जातात. पाठ त्यामुळे मजबूत होते, पण पायात त्याच रेषा आडव्या पडतात. आडव्या रेषेचे लाकूड म्हणजे कुऱ्हाडीला आडवा दांडा बसवल्यासारखे, एका फटक्यात तुटणारच. म्हणून जाणता कारागीर पाय वेगळे, उभ्या रेषेचे करून बसवतो. मोडलेला पाय नुसत्या सरसाने चिकटवला तर तोरणापर्यंत पोचत नाही. दोन्ही तुकड्यांत बारीक गिरमिटाने समोरासमोर भोक पाडावे, बांबूची वाळलेली खुंटी सरस लावून त्यात ठोकावी आणि रात्रभर सुतळीने आवळून ठेवावे. असा पाय पुन्हा मोडला तर दुसऱ्या जागी मोडतो, जोडावर नाही.

रंगाबाबत मात्र तुम्हाला कळकळीने सांगायचे आहे. आजोबांच्या वेळचा बैल घासून नवा रंग द्यायची हौस सगळ्यांना असते. त्या जुन्या पिवळ्या, लाल, नारिंगी तेलरंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसे नको असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. त्याची धूळ लेकरांच्या पोटात गेली तर बुद्धीवर आणि वाढीवर परिणाम होतो. पाणकागद ओला करून घासावा, खाली वर्तमानपत्र पसरावे, लेकरांना आणि गरोदर बायकांना जवळ बसू देऊ नये, हात साबणाने धुवावेत. आणि ते खरवडलेले पापुद्रे गोठ्याकडे किंवा उकिरड्यावर टाकू नका. जनावर रंग चाटते, आणि शिशाची बाधा गुरांना फार लवकर होते. लाकडी बैलापायी खरा बैल दगावायचा.

माझे मत विचाराल तर, जुना बैल शक्यतो रंगवूच नये. मऊ फडक्याने पुसावा, सुटणारे पापुद्रे असतील तर वरून पारदर्शक व्हार्निशचा पातळ हात द्यावा आणि फळीवर ठेवून द्यावा. मिरवायला नवा घ्यावा. मोटारी जमवणारे लोकही हेच सांगतात. खेळून रंग उडालेली पण मूळ रंगाची मोटार त्यांच्यात नव्याने रंगवलेल्या मोटारीपेक्षा जास्त मोलाची धरतात.

या मुद्द्यावर एका घरात माझ्यासमोर मायलेकाचे वाजले होते. काटोलकडच्या एका गावात जुनी दमणी आहे असे कळले म्हणून मापे घ्यायला गेलो होतो. दमणी म्हणजे बसायची छपराची गाडी, काही गावांत तिला धमणी म्हणतात. गोठ्याच्या कोपऱ्यात तुराट्यांखाली ती उभी होती. चाके एका ढाबेवाल्याने मागितली होती, भिंतीला टांगायला. सौदा ठरला होता आणि दोन दिवसांत टेम्पो येणार होता. मुलगा भला माणूस. म्हणाला, "गाडी तं जाईनच भाऊ, पण घरात तिची लहान गाडी राहीन. पैसे सांगा, पण एकदम नवी कोरी करा."

मी टेप घेऊन खाली बसलो. डाव्या बाजूची एक फळी तडकलेली होती आणि तिला जाड तार सात-आठ वेढे देऊन बांधली होती. ती वहीत काढत असताना मुलगा म्हणाला, "थे तार नका घेऊ. चांगली नाही दिसत."

दारात त्याची आई तांदूळ निवडत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "तार राहू द्या भाऊ."

"मा, नवी करून रायले ना थे. तार कायले?"

"थे तार तुया बापानं बांधली. मले दवाखान्यात नेत होते, रात्री. नाल्यात चाक फसलं अन् फळी कडकन् बोलली. कंदील मी धरला होता. तू पोटात होता."

मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने टेपचे दुसरे टोक त्याने हातात घेतले आणि संध्याकाळपर्यंत तो माझ्याबरोबर मापे घेत होता. लहान दमणीत मी ती तार घातली आहे. जुन्या मोटरपंपाच्या गुंडाळीतला बारीक तांब्याचा धागा, सात वेढे, वरून काळा केलेला. चाके ढाब्यावर गेली. त्याबद्दल मी त्या मुलाला दोष देणार नाही. ज्या गाडीला बैल नाही आणि ज्या चाकाला धाव चढवणारा लोहार नाही ती गोठ्यात ठेवून सांभाळायची म्हणजे जागा अडते, आणि सोयाबीनची पोती काही अंगणात भिजत ठेवता येत नाहीत.

लहान चाक करायला बसलो तेव्हा सुताराच्या कामाची खरी अक्कल मला कळली. आमच्याकडच्या चाकाला मधे तुंबा, त्यात बारा आरे आणि बाहेर सहा पाटे. एका पाट्यात दोन आरे. सहाच पाटे का? चाकाचे निम्मे माप, म्हणजे मध्यापासून काठापर्यंतचे, दोरीने घ्या आणि त्याच मापाने काठावरून चालत जा. बरोबर सहा पावलांत तुम्ही जिथून निघालात तिथे येता. कोनमापक लागत नाही, आकडेमोड लागत नाही. प्रत्येक पाऊल म्हणजे एक पाटा, आणि पाट्याचे दोन भाग केले की आऱ्यांच्या जागा मिळाल्या. शाळेत भूमितीच्या तासाला हे वर्तुळ काढून षटकोन करायला शिकवतात. गावचा सुतार शाळेत न जाताही तेच करीत असे.

धाव चढवण्याचे शास्त्र लहान चाकात साधत नाही. खरी धाव चाकापेक्षा जराशी लहान करतात, गोवऱ्यांच्या आगीत लाल करून फुगवतात, चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. लोखंड आवळते आणि बारा आरे, सहा पाटे एका मुठीत धरल्यासारखे घट्ट होतात. लहान चाकाला तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी लावावी लागते. तिचा आवळण्याशी संबंध नाही, ती फक्त दिसायला.

लाकडाचीही एक गंमत आहे. खऱ्या गाडीचा तुंबा आणि पाटे बाभळीचे, आख धावड्याचा, दांडीला तिवस किंवा साग. लहान गाडीलाही तेच लाकूड वापरावे असे कुणालाही वाटेल. पण गाडी लहान होते, लाकडाच्या रेषा लहान होत नाहीत. सागाच्या जाड रेषा बोटभर फळीवर आल्या की ती फळी फळी वाटत नाही, सागाची ढलपी वाटते. म्हणून बारीक रेषेचे लाकूड घ्यावे. हळदू फार छान, शिवणही चालते. सुताराच्या दुकानात भुशाबरोबर तुकडे मिळतात. आरे मी बांबूच्या कमचीचे करतो. जू आणि खुट्यांना वाळलेली पऱ्हाटी चालते, मात्र कीड लागलेली नको.

लोखंडी मोटारींचे दुखणे वेगळे. त्या लोखंडाच्या नसतातच, जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतलेल्या असतात. तळाला दोन रिबिटा असतात, त्यांची डोकी हातगिरमिटाने उडवली की मोटार उघडते. आतली बाके, काचेच्या जागचे प्लॅस्टिक, आख असे सुटे करून धुवावे. टायर गेलेले असतील तर सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबच्या चकत्या कापून बसवाव्यात. रंग द्यायचाच असेल तर अतिशय पातळ. खऱ्या अँबेसेडरची लांबी सव्वाचार मीटरच्या वर, आपली लहान अँबेसेडर जेमतेम दहा सेंटिमीटर. घराच्या खिडकीला मारतो तसा रंग तिला मारला तर दाराची रेघ बुजून जाते. ती गाडी २०१४ साली बनायची बंद झाली. आपल्या गावात पहिल्यांदा आलेली मोटार म्हणून पुष्कळांना तीच आठवते, म्हणून तिला मागणी फार.

एक रोग मात्र असा आहे की त्याला औषध नाही. ओतताना जस्तात शिसे मिसळले गेले असेल तर काही वर्षांनी ती मोटार आतून फुगते, तिला भेगा पडतात आणि शेवटी बोटाने दाबली तरी तिचा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या पुष्कळ मोटारी अशा गेल्या. गुलाबी बोंडअळीने पोखरलेल्या बोंडासारखेच. हे वरून रंग छान, आत सगळे संपलेले.

तुमच्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला हे करावेसे वाटले तर मोठा खर्च नाही. एक बारीक करवत, पाणकागद, हातगिरमिट, पटाशी, सरस आणि सुताराकडची फुटपट्टी. सायकलचा स्पोक हा उत्तम आख. पहिली गाडी मोटार करू नये, बंडी करावी, कारण मोटारीचे माप कागदावर शोधावे लागते आणि बंडी दारात उभी असते. आता बहुतेक बंड्यांना टायरची चाके आहेत. तीच करा, लाज नाही. ट्रॅक्टर घरी असेल तर तोही चांगला. महिंद्राचे ट्रॅक्टर तर आपल्या नागपुरात हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत तयार होतात. मुलाने ट्रॉलीची लांबी-रुंदी मोजली, बाराने भागली, की गणिताच्या पुस्तकातले प्रमाण त्याला एका दुपारी कळते. आजोबांना जवळ बसवून गाडीच्या प्रत्येक भागाचे नाव वहीत लिहून घ्यायला सांगा. गावागावाला ही नावे वेगळी आहेत आणि ती पुस्तकात सगळी सापडत नाहीत.

माझ्या फळीवर आज बंडी आहे, दमणी आहे, एक जीप आहे, अँबेसेडर आहे. रेंगी नाही. माणसांना बसून भरधाव जायची ती हलकी गाडी, लाकडी चाकांची, मला अजून पूर्ण सापडलेली नाही. शंकरपटात धावणारी गाडी पाहिली आहे. २०१४ साली बंद झालेले पट डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा सुरू झाले तेव्हापासून तशा गाड्या पुन्हा बनू लागल्या आहेत. पण त्या नव्या, शर्यतीच्या. घरची जुनी रेंगी वेगळी.

तुमच्या गोठ्यात, वाड्याच्या मागे किंवा कडब्याखाली अशी रेंगी असेल तर ती विका, जाळा, टांगा, तो तुमचा प्रश्न. पण आधी मापे घेऊन ठेवा. चाक मधून मोजायला तुंबा आड येतो, म्हणून धावेभोवती दोरी फिरवावी, दोरी मोजून तिला साताने गुणावे आणि बाविसाने भागावे. माझ्या दमणीची दोरी १४ फूट पावणेदोन इंच भरली, म्हणजे चाक साडेचार फुटांचे. साट्याची लांबी, पुढची आणि मागची रुंदी वेगवेगळी घ्या, कारण त्या सारख्या नसतात. दांडीची उंची जू खांद्यावर असल्यासारखे धरून घ्या, जमिनीवर टेकवून नाही. उन्हाळ्यात चाक वाळून पाटे सैल पडतात आणि माप चुकते, तेव्हा हे काम दिवाळीच्या सुमारास केलेले बरे.